हवापालटाची तीन बेटे

'हवापालट' हा शब्द मराठीत आता मागे पडला आहे. दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर हवापालटाचा सल्ला देत आणि ऐपत असलेली कुटुंबे महाबळेश्वर-पाचगणीकडे वळत. ही ठिकाणे इंग्रजांनी स्वतःच्या सोयीसाठी वसवली होती. महाबळेश्वराच्या वसाहतीचा आरंभ मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८२८-२९च्या सुमारास झाला. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने 'शोधून काढले', म्हणजे इंग्रजांच्या नकाशावर आणले. दोन्हीकडे दिशा एकच होती : उकाड्याकडून गारव्याकडे.

अटलांटिकच्या पलीकडे हीच कल्पना उलट दिशेने वाढली. न्यूयॉर्क, बॉस्टन, लंडन येथील सुखवस्तू माणूस बर्फाकडून उन्हाकडे जाऊ लागला. या उलट्या हवापालटाचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहायचा आहे, आणि तोही एका मर्यादित प्रश्नापुरता. एकमेकांच्या शेजारी असलेले, जवळपास सारख्याच हवेचे तीन देश समोर असताना आठ-पंधरा दिवसांच्या हिवाळी सुटीसाठी माणूस त्यांतला एक कसा निवडतो? हे तीन देश म्हणजे बहामा, क्यूबा आणि जमैका.

नकाशा पाहिला तर प्रश्न अधिक स्पष्ट होतो. जमैकाची राजधानी किंग्स्टन १८ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे साधारण पुण्याच्याच पट्ट्यात आहे. हवाना कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. बहामाची राजधानी नासाऊ तर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने शास्त्रार्थाने उष्णकटिबंधात येतही नाही. पण कोमट समुद्रामुळे तिथला जानेवारीही सौम्य असतो. वादळांचा मोसम नोव्हेंबरअखेर संपतो आणि त्यानंतरचे चार महिने तिन्हीकडे बहुतांशी कोरडे, प्रसन्न असतात. तापमानात फरक असतो तो थोड्या अंशांचा. समुद्र, वाळू आणि माड तिन्हीकडे आहेत. तरीही गेल्या दीडशे वर्षांत प्रवाशांचा ओघ या तिघांमध्ये वारंवार आणि फार मोठ्या प्रमाणावर बदलत राहिला. हवा तीच राहिली असेल, तर पालट कशाचा झाला?

१

प्रारंभी हा प्रवास रोग्यांचा होता. १७५१च्या हेमंतात व्हर्जिनियातील लॉरेन्स वॉशिंग्टन हा क्षयाने ग्रासलेला जमीनदार आपल्या एकोणीस वर्षांच्या सावत्र भावाला बरोबर घेऊन बार्बेडोसला गेला. हा भाऊ म्हणजे पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेला जॉर्ज. अमेरिकेच्या मुख्य भूमीबाहेरचा त्याचा हा आयुष्यातला एकमेव प्रवास. तिथे जॉर्जला देवी आल्या. तो बरा होऊन परतला. लॉरेन्सला मात्र बार्बेडोस मानवेना, म्हणून तो अधिक अनुकूल हवा शोधत बर्म्युडाला गेला. तिथेही गुण आला नाही आणि १७५२च्या जुलैत तो घरी मरण पावला. एका बेटाची हवा सोसत नाही म्हणून दुसऱ्या बेटाकडे वळणारा हा प्रवासी खऱ्या अर्थाने हवा निवडत होता. पुढच्या काळात अशी निवड दुर्मीळ होत गेली.

या प्रवासात एक विरोधाभास होता. ज्या बेटांवर आरोग्यासाठी जायचे तीच युरोपीय माणसाच्या मनात पिवळ्या तापामुळे मृत्यूशी जोडलेली होती. हवानाचा डॉक्टर कार्लोस फिनले याने १८८१ मध्ये हा ताप डासांमुळे पसरतो असे मांडले, आणि त्याच्याकडे जवळजवळ वीस वर्षे दुर्लक्ष झाले. १९०० मध्ये वॉल्टर रीडच्या नेतृत्वाखालील अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी त्याचा सिद्धान्त प्रयोगाने सिद्ध केला. १९०१ मध्ये, अमेरिकन फौजा क्यूबात असतानाच, डासांविरुद्ध मोहीम काढून हवाना पिवळ्या तापातून मुक्त करण्यात आले. म्हणजे बेटाचे 'आरोग्यदायी' होणे हीदेखील निसर्गाची देणगी नव्हती. ते एका डॉक्टराच्या निरीक्षणाचे आणि एका लष्करी सत्तेच्या उपस्थितीचे फळ होते.

२

हिवाळी पाहुण्यांसाठी पहिली मोठी इमारत उभी राहिली ती नासाऊत. न्यूयॉर्कहून आगबोटींची ये-जा सुरू होताच बहामाच्या वसाहत सरकारने स्वतःच्या खर्चाने 'रॉयल व्हिक्टोरिया' हे हॉटेल बांधले. ते १८६१ मध्ये उघडले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली. ही नाकेबंदी चुकवून कापूस बाहेर काढणाऱ्या आणि शस्त्रे आत पोहोचवणाऱ्या जहाजांचा तळ नासाऊत पडला. क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या सज्जांवर कप्तान, दलाल आणि हेर बसू लागले. युद्ध संपले, तशी ही भरभराटही ओसरली. शेजाऱ्याच्या संकटावर बहामाने श्रीमंत होण्याची ही पहिली वेळ होती; शेवटची नव्हे.

नासाऊचा दुसरा बहर रेल्वेच्या मार्गाने आला. स्टँडर्ड ऑइलचा भागीदार हेन्री फ्लॅगलर याने फ्लोरिडाच्या किनाऱ्याने लोहमार्ग टाकत १८९६ मध्ये तो मायामीपर्यंत आणला, नासाऊतले जुने हॉटेल विकत घेतले, आणि १९०० मध्ये 'कलोनियल' नावाचे नवे, अवाढव्य हॉटेल उघडले. प्रवासी त्याच्या गाडीने येई, त्याच्या बोटीने समुद्र ओलांडी आणि त्याच्याच हॉटेलात उतरे. १९१२ मध्ये हाच लोहमार्ग समुद्रावरून की वेस्टपर्यंत गेला आणि तिथून हवाना अवघ्या १७० किलोमीटरवर आले. ज्याला आपण आपली निवड समजतो, ती बहुधा अशा रुळांवरून चाललेली असते.

जमैकाची कहाणी केळ्यांपासून सुरू होते. लोरेन्झो डाऊ बेकर हा मॅसॅच्युसेट्समधील कप्तान १८७० मध्ये जमैकाहून केळ्यांचे घड घेऊन निघाला आणि ते अमेरिकेत नफ्याने विकले. या व्यापारातून १८८५ मध्ये 'बॉस्टन फ्रूट कंपनी' आणि १८९९ मध्ये बलाढ्य 'युनायटेड फ्रूट कंपनी' जन्माला आली. केळी उत्तरेकडे जात. दक्षिणेकडे परतणाऱ्या बोटींत जागा रिकामी राही. ती माणसांनी भरावी, हा साधा व्यापारी हिशेब होता. पोर्ट अँटोनियो येथील 'टिचफील्ड' हॉटेल याच हिशेबातून उभे राहिले. पुढे कंपनीच्या बोटींना पांढरा रंग देण्यात आला, तोही मुळात केळी उन्हाने तापू नयेत म्हणून. प्रवाशांच्या डोळ्यांना मात्र ती शुभ्र बोट म्हणजे सुटीचीच खूण वाटू लागली.

वसाहत सरकारही मागे नव्हते. साखरेचे भाव कोसळल्याने जमैका डबघाईला आले होते. १८९० मध्ये कायदा करून हॉटेल बांधणाऱ्या कंपन्यांच्या कर्जाला सरकारी हमी देण्यात आली आणि १८९१ मध्ये किंग्स्टनला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्याच काळात बेटाची छायाचित्रे पद्धतशीरपणे काढून परदेशी दाखवली जाऊ लागली. कलेतिहासकार क्रिस्टा थॉम्पसन यांनी 'अ‍ॅन आय फॉर द ट्रॉपिक्स' (२००६) या ग्रंथात जमैका आणि बहामा यांच्या अशा चित्रांचा सविस्तर अभ्यास केला आहे. बेटे चित्रासारखी होती म्हणून चित्रे निघाली, एवढेच घडले नाही. चित्रांना शोभतील अशी बेटेही घडवली गेली, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. साहित्याच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया परिचित वाटेल. आधी वर्णनाची रूढी तयार होते आणि मग वास्तवाला तिच्या मापाने बेतले जाते.

३

१९२० मध्ये अमेरिकेत मद्यबंदी लागू झाली आणि तराजू हवानाकडे झुकला. क्यूबाने १९१९ मध्येच जुगारगृहांना कायदेशीर मान्यता दिली होती. त्यामुळे अमेरिकेत जे जे निषिद्ध ते ते सर्व एका रात्रीच्या अंतरावर उपलब्ध झाले. १९२० मध्येच आयर्विंग बर्लिनने हवानाच्या प्रवासाला बोलावणारे एक गाणे लिहिले, त्याचा विषय हवामान नव्हता. १९२७ मध्ये की वेस्ट ते हवाना अशी पॅन अमेरिकनची नियमित विमानसेवा सुरू झाली आणि १९३० मध्ये 'होटेल नॅसिओनाल' उघडले. याच काळात नासाऊनेही पुन्हा एकदा शेजाऱ्याच्या कायद्यावर आपली तिजोरी भरली. साठ वर्षांपूर्वी तिथून शस्त्रे जात होती, आता चोरटी दारू जाऊ लागली. १९३३च्या डिसेंबरात मद्यबंदी उठली. त्याच वर्षी क्यूबात हुकूमशहा माचादोची सत्ता कोसळली होती, आणि ऑक्टोबरात खुद्द नॅसिओनाल हॉटेलात आश्रय घेतलेल्या लष्करी अधिकाऱ्यांवर तोफा डागल्या गेल्या होत्या. प्रवासी अर्थातच दुसरीकडे वळले.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रज प्रवाशांची निवड आणखी एका गोष्टीने ठरवली : चलनाने. ब्रिटनमध्ये परकीय चलनावर कडक निर्बंध होते. परंतु जमैका आणि बहामा ब्रिटिश वसाहती असल्याने तिथे पौंड खर्च करता येत असे. इयन फ्लेमिंगने १९४६ मध्ये जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर 'गोल्डनआय' हे घर बांधले. वृत्तपत्राच्या नोकरीत त्याने दरवर्षी दोन महिन्यांची हिवाळी रजा मागून घेतली होती. १९५२च्या आरंभी अशाच एका सुटीत त्याने पहिली बाँड कादंबरी लिहिली. साम्राज्य मावळत असताना एका इंग्रज हेराने जगभर संचार करावा, ही कल्पना साम्राज्याच्या उरल्यासुरल्या उन्हात बसून रंगवली गेली.

हवानात १९५२ मध्ये बातिस्ताने लष्करी उठाव करून पुन्हा सत्ता घेतली. १९५५च्या कायद्याने, हॉटेलात दहा लाख डॉलर गुंतवणाऱ्याला जुगारगृहाचा परवाना मिळू लागला. अमेरिकेतील गुन्हेगारी टोळ्यांचा सूत्रधार मायर लॅन्स्की याचे 'रिव्हिएरा' १९५७च्या डिसेंबरात, तर 'हबाना हिल्टन' १९५८ मध्ये उघडले. ग्रेअम ग्रीनची 'अवर मॅन इन हवाना' ही कादंबरीही १९५८चीच. तिच्यात व्हॅक्यूम क्लीनर विकणारा एक सामान्य इंग्रज खोट्या गुप्त वार्ता रचून लंडनला विकतो. जे शहर स्वतःच परक्यांच्या कल्पनेवर जगत होते, तिथे ही विक्री विशेष विचित्र वाटत नाही.

४

आतापर्यंत आपण निवडणाऱ्यांविषयी बोललो. पण तिकीट, हॉटेल आणि किनारा सर्वांसाठी खुले नव्हते. कृष्णवर्णीय अमेरिकन कवी लँग्स्टन ह्यूज १९३०च्या हिवाळ्यात हवानाला निघाला, तेव्हा एका जहाज कंपनीने केवळ वर्णावरून त्याला तिकीट नाकारले. तो दुसऱ्या बोटीने गेला आणि तिथे त्याची तरुण क्यूबन कवी निकोलास गियेन याच्याशी भेट झाली. पुढच्या वर्षी ह्यूज पुन्हा गेला असता एका समुद्रकिनाऱ्यावर त्याला प्रवेश नाकारण्यात आला, आणि पोलिसांनी त्यालाच पकडून नेले. गियेनने १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कवितासंग्रहाचे नाव 'वेस्ट इंडीज लिमिटेड' असे आहे. स्पॅनिशमध्ये लिहिणाऱ्या कवीने आपल्या प्रदेशाला इंग्रजीत आणि एखाद्या कंपनीच्या नोंदणीच्या थाटात नाव द्यावे, यातला उपरोध वेगळा उलगडून सांगायला नको.

जमैकात १९४८ मध्ये एव्हन ब्लेक या कृष्णवर्णीय पत्रकाराने किंग्स्टनच्या 'मर्टल बँक' हॉटेलच्या जलतरण तलावात उडी मारली. कृती एवढीच. पण आपल्याच शहरातील तलावात पोहणे हे बंड ठरते, यावरून त्या हॉटेलाचे त्या शहराशी काय नाते होते ते कळते. बहामात १९५६च्या जानेवारीत एटिएन ड्युपुक या संपादकाने विधिमंडळात वर्णभेदाविरुद्ध ठराव मांडला. अध्यक्षांनी खाली बसायला सांगितले, अटकेची धमकी दिली. तो बसला नाही. ठराव जसाच्या तसा मंजूर झाला नाही, परंतु नासाऊच्या प्रमुख हॉटेलांनी आपली दारे उघडली. महाबळेश्वर-माथेरानच्या इतिहासात 'फक्त युरोपियनांसाठी' राखलेले क्लब आपल्याला ठाऊक आहेत. हवापालटाच्या ठिकाणी हवा सर्वांची असली, तरी व्हरांडा सर्वांचा नसतो.

५

१९५९च्या पहिल्या दिवशी बातिस्ता देश सोडून पळाला. संतप्त जमावाने जुगारगृहांची मोडतोड केली. नव्या सरकारला पर्यटन नकोच होते असे मात्र म्हणता येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकन प्रवासव्यावसायिकांच्या संघटनेचे अधिवेशन हवानात भरले आणि फिडेल कास्त्रोने त्यांचे स्वागत केले. नेमक्या त्याच दिवसांत, फुटून गेलेल्या एका माजी हवाईदल प्रमुखाने शहरावर विमानातून पत्रके टाकली, गोळीबार झाला, माणसे मेली. पाहुण्यांना जे पाहायचे होते ते त्यांनी पाहिले. जानेवारी १९६१ मध्ये अमेरिकेने राजनैतिक संबंध तोडले, १९६२ मध्ये व्यापारबंदी आली, आणि अमेरिकन पर्यटकाच्या नकाशावरून क्यूबा पुसले गेले.

हे गिऱ्हाईक मग गेले कुठे? बहामात १९४९ साली सुमारे ३२ हजार पर्यटक आले होते. १९६८ मध्ये हा आकडा १० लाखांवर गेला. १९६४ मध्ये ग्रँड बहामा बेटावर जुगारगृह सुरू झाले, तेव्हा ते चालवणाऱ्यांत हवानाचा अनुभव असलेली माणसे होती. नासाऊसमोर एक लहान बेट आहे. त्याचे जुने नाव 'हॉग आयलंड', म्हणजे डुकरांचे बेट. हंटिंग्टन हार्टफर्ड या अमेरिकन धनिकाने ते विकत घेतले आणि १९६२ मध्ये त्याचे नाव 'पॅराडाइज आयलंड' झाले. वाळू तीच, माती तीच. शेजारचा स्वर्ग बंद झाला, म्हणून डुकरांच्या बेटाला स्वर्गपद प्राप्त झाले.

जमैका १९६२ मध्ये स्वतंत्र झाले, बहामा १९७३ मध्ये. सत्ता बदलली, ध्वज बदलला. पाहुण्यांवरचे अवलंबित्व मात्र राहिले. क्यूबाचा पुढचा प्रवास तर अधिकच विदारक आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, आणि क्रांतीने ज्याच्याकडे संशयाने पाहिले तेच पर्यटन देशाला तगवण्यासाठी पुन्हा बोलवावे लागले. कॅनडा आणि युरोपचे प्रवासी येऊ लागले. त्यांच्यासाठी उघडलेल्या हॉटेलांत क्यूबन नागरिकांना खोली घेता येत नसे. ही बंदी २००८ मध्ये उठली. १९३१ मध्ये ह्यूजला किनाऱ्यावर अडवले गेले ते वर्णामुळे, १९९०च्या दशकात क्यूबन माणसाला दारात अडवले गेले ते नागरिकत्वामुळे. विचारसरणी बदलली तरी दारावरचा पहारेकरी टिकून राहिला.

६

हा इतिहास कागदपत्रांत आहेच, पण त्याचा मानवी अर्थ साहित्याने अधिक नेमका पकडला. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'द मिडल पॅसेज' (१९६२) या प्रवासग्रंथात अखेरीस जमैकातील 'फ्रेंचमन्स कोव्ह' या अतिमहागड्या विश्रामस्थानाचे वर्णन येते. गुलामीच्या सागरी मार्गाचे नाव धारण करणारे पुस्तक अशा ठिकाणी येऊन थांबते, हे लक्षणीय आहे. अँटिग्वात जन्मलेल्या जमैका किंकेड यांनी 'अ स्मॉल प्लेस' (१९८८) या छोट्या पुस्तकात पर्यटकाला थेट 'तू' म्हणून संबोधले. त्यांचा मुद्दा असा : प्रत्येक माणूस आपल्या गावाला कंटाळतो, प्रत्येकाला कुठेतरी जावेसे वाटते; पण जगातील बहुसंख्य माणसांना जाणे परवडत नाही, आणि ज्याला ते परवडते तो त्यांच्या कंटाळवाण्या गावात आनंद शोधायला येतो. निवड हा शब्दच येथे विषम होतो. एकाला तीन बेटांतून एक निवडता येते. दुसऱ्याला स्वतःच्या एका बेटावरून निघताही येत नाही.

सेंट लुशियाचे कवी डेरेक वॉलकॉट यांचे १९९२चे नोबेल व्याख्यान आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्याचा आरंभ त्रिनिदादमधील फेलिसिटी या खेड्यातल्या रामलीलेने होतो. १८४५च्या मे महिन्यात भारतातील गिरमिटिया मजुरांची पहिली जहाजे जमैका आणि त्रिनिदादला लागली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांना तर करारही नव्हता. यांपैकी कुणीही हवेची तुलना करून बेट निवडले नव्हते. वॉलकॉट त्या तुटलेल्या, विखुरलेल्या स्मृतींतून उभ्या राहिलेल्या संस्कृतीचा गौरव करतात, आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांवर कठोर टीका करतात. माहितीपत्रकातले प्रत्येक बेट दुसऱ्या कोणत्याही बेटासारखे दिसते. कवीला मात्र प्रत्येक खेड्याला स्वतःचे नाव, स्वतःची बोली आणि स्वतःचा सण आहे असे दिसते.

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर हाती येते. जाहिरात सांगते की आमचे बेट शेजाऱ्यापेक्षा वेगळे आहे, आणि दाखवते मात्र तोच समुद्र, तीच वाळू. ज्या गोष्टींनी ही बेटे खरोखर वेगळी झाली, म्हणजे युद्धे, कायदे, केळ्यांचे भाव, वर्णभेद, क्रांती आणि चलन, त्या जाहिरातीत कधीच येत नाहीत. तरी माणसांचा ओघ त्यांनीच वळवलेला असतो.

ही गोष्ट दूरच्या समुद्रापुरती नाही. आज मुंबई-पुण्याहून डिसेंबर-जानेवारीत निघणारे मराठी प्रवासी श्रीलंका, मालदीव, थायलंड यांची अशीच तुलना करतात. श्रीलंका १९८३ ते २००९ यादवी युद्धात होरपळत होती, त्याच काळात मालदीवच्या बेटांवर एकामागून एक विश्रामस्थाने उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांविषयी अवमानकारक उद्गार काढल्यावर अनेक भारतीयांनी तिकडचे बेत रद्द केले. मालदीवचा समुद्र त्या महिन्यातही तितकाच निळा होता.

सुटीवर जाऊ नये, असा याचा अर्थ नाही. थकलेल्या माणसाला हवापालट हवाच असतो, आणि पर्यटकांच्या येण्यावर त्या बेटांवरील असंख्य घरांच्या चुली पेटतात. पण प्रवासवर्णन वाचताना वा शिकवताना आपण बहुधा लेखकाने काय पाहिले एवढेच विचारतो. त्याला हे ठिकाण कुणी, कोणत्या मार्गाने आणि कुणाला बाजूला सारून उपलब्ध करून दिले, हेही विचारायला हवे. तसे विचारले तर फेलिसिटीची रामलीला आणि मर्टल बँकचा तलाव हे सहलीच्या नकाशावर नसलेले दोन बिंदू आपल्याला दिसू लागतील, आणि बेटांची ओळख तिथून सुरू होईल.